शेजारीण रिकामी ठेवणे

शहरातल्या माणसानं एकदा साखळी ओढली की त्याच्या दृष्टीनं विषय संपतो. पुढे त्या पाण्याचं काय होतं, ते कुठे जातं, कोण त्याच्यामागे धावतं, याचा विचार करायला कुणाला वेळ आहे? शेतबाईंची सगळी नोकरी मात्र त्या संपलेल्या विषयापासून सुरू व्हायची.

शहराबाहेर सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र होतं आणि त्याच्या पाठीमागे केंद्राच्याच मालकीची बरीच मोठी शेतजमीन. पाइपांतून आलेली घाण टाक्यांमधून फिरायची, निवळायची, कुजायची, आणि शेवटी दोनच गोष्टी उरायच्या. एक म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ झालेलं पाणी आणि दुसरा काळा, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा गाळ. पाणी पिकांना द्यायचं आणि गाळ खत म्हणून शेतात पसरायचा, अशी व्यवस्था. कुठल्या तुकड्याला केव्हा पाणी, कुठे गाळ, कुठे अजिबात नाही, कुठे कुठलं पीक घ्यायचं, हे सगळं ठरवायचं काम शेतबाईंचं. त्यांचा हुद्दा इतका लांब होता की दारावरच्या पाटीवर तो दोन ओळींत कोंबून बसवला होता. तो पुरा वाचायचे कष्ट कुणीच घेतले नाहीत. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना शेतबाईच म्हणायचे, आणि पुढे पुढे त्या स्वतःही फोनवर "शेतबाई बोलतेय" असंच म्हणायला लागल्या.

शेतीचं शिक्षण घेतलं तेव्हा त्यांच्या डोक्यात फळबागा होत्या. झाडांच्या रांगा, हातात कात्री, डोक्यावर टोपी, असं काहीसं. नोकरी लागली ती इथे. लग्न ठरताना त्यांच्या आईनं मुलाकडच्यांना "मुलगी शेती बघते" एवढंच सांगितलं आणि कसली शेती असं विचारल्यावर घाईघाईनं पाण्याचे ग्लास पुढे केले. मुलगा गाडी चालवायला शिकवायचा. पहिल्याच भेटीत त्यानं सरळ विचारलं, वास येतो का. त्या म्हणाल्या, येतो, पण काही दिवसांनी नाकाला कळेनासा होतो. त्यावर तो म्हणाला की त्याच्या शेजारी दिवसभर शिकाऊ लोक गाडी चालवतात, आणि त्यालाही काही दिवसांनी भीती कळेनाशी झाली. तिथेच दोघांचं जमलं. नणंद मात्र अजूनही घरी आली की आधी खुर्ची झटकून मग बसते. शेतबाईंनी ते मनाला लावून घेणं कधीच सोडून दिलं होतं.

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. केंद्रातल्या माणसांच्या लेखी शेत म्हणजे काय? तर शेवटची टाकी. तळ नसलेली, झाकण नसलेली, आणि कधीच न भरणारी. तळ्यात पाणी वाढलं, सोडा शेतात. गाळ वाळवायच्या ओट्यांवर जागा उरली नाही, टाका शेतात. शेतबाई सांगून सांगून थकल्या होत्या की बाबांनो, पीक हे जेवायला बसलेल्या माणसासारखं आहे. त्याला भूक असेल तेवढंच वाढायचं. जास्त वाढलेलं त्याच्या पोटात जात नाही, मातीतून खाली उतरतं आणि कुणाच्या तरी विहिरीत निघतं. सगळे माना डोलवायचे. तेवढ्यापुरतं पटल्यासारखं दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "बाई, आज किती घेणार?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे घड्यावरचं पाणीसुद्धा वापरलेलं होतं.

दर वर्षी त्या शेताचा आराखडा बनवायच्या. मातीत नळी खुपसून नमुने काढायच्या, मूठभर माती दाबून बघायच्या, पिकाला किती लागेल, गाळातून किती मिळेल, पाण्यातून किती, असा सगळा हिशेब जुळवून रंगीत पेन्सिलींनी नकाशा भरायच्या. कापणीआधी कुठलं पाणी बंद, पाऊस झाल्यावर कुठला फवारा थांबवायचा, गाळ पसरल्यावर तो लगेच नांगरून मातीत मिसळायचा, सगळं त्यात असायचं. तो नकाशा भिंतीवर लागायचा. साहेब पाहुण्यांना तो दाखवायचे आणि पाहुणे त्याचा फोटो काढायचे. ज्यांनी तो वाचायचा ते त्याच्यासमोर उभं राहून डबा खायचे.

शेताच्या तुकड्यांना कागदावर आकडे होते, पण माणसांनी आपापली नावं ठेवली होती. एक लांबट, एक डबकं, एक म्हातारी, आणि रस्त्याला लागून असलेला तो तुकडा म्हणजे शेजारीण. तिच्या कुंपणापलीकडे एक रोपवाटिका होती, म्हणून शेजारीण. फाटकापासून जवळ, रस्ता चांगला, त्यामुळे शेतबाई येण्याच्या आधीच्या काळात गाळाच्या गाड्या लांब जायचा कंटाळा करून तिथेच रिकाम्या व्हायच्या. वर्षानुवर्षं तिच्या ताटात इतकं वाढलं गेलं होतं की माती काळीभोर दिसायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय जमीन आहे. शेतबाई मात्र नळी खुपसून खालची माती काढून बघायच्या. वरचा थर काळा असला तरी खाली सगळं रेताड होतं. त्यात काही थांबत नव्हतं.

आणि पलीकडे विहीर होती. रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणायचे. नवरा गेल्यावर काकूंनी रोपं विकून मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, आणि त्या विहिरीच्या जिवावरच सगळं केलं. प्यायला तेच पाणी, रोपांना तेच. शेतबाईंनी पहिल्यांदा त्या विहिरीचं पाणी तपासलं तेव्हा त्यात नायट्रेट, म्हणजे खतातून झिरपणारा क्षार, इतकं निघालं की त्यांनी दोनदा तपासून घेतलं. नायट्रेटला ना रंग ना वास. मोठ्या माणसाला त्याचं पटकन काही कळत नाही, पण पाण्यात पावडर कालवून केलेल्या बाटलीच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटात ते गेलं तर बाळ निळं पडतं, श्वास पुरत नाही. काकूंची सून तेव्हा गरोदर होती. शेतबाईंनी जाऊन सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "आम्ही पाणी उकळून घेतो की." शेतबाईंनी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि मग एकच गोष्ट विचारली: विहीर बरी होणार की नाही?

होईल, असं शेतबाई म्हणाल्या. नोकरीत त्यांनी दिलेला तो एकमेव शब्द. एरवी त्या "बघू", "कळवते", "वरून मंजुरी आली की" असलं बोलायच्या, जसं सगळे बोलतात. पण त्या दिवशी सुनेचं पोट समोर होतं आणि तोंडातून "होईल" निघून गेलं. साहेबांशी भांडून त्यांनी शेजारणीचा गाळ कायमचा बंद केला, पाणी बंद केलं, आणि काकूंच्या घरासाठी पिण्याच्या पाण्याचे डबे सुरू करून घेतले. दर महिन्याला विहिरीचा नमुना स्वतः जाऊन घ्यायला लागल्या. बाळ झालं, सुनेला दूध पुरेना, बाळ बाटलीवर आलं. आकडा हळूहळू, कणाकणानं उतरत होता. गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा मर्यादेच्या खाली आला, आणि त्यापुढच्या तपासणीतही खालीच राहिला. तो कागद घेऊन शेतबाई जवळजवळ पळतच कुंपणापलीकडे गेल्या होत्या. काकूंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. डबे बंद करा म्हणाल्या, आता आपली विहीर आहे. सून दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, ती नुसती हसली.

आता शेजारणीत लसूणघास हा चारा पेरायचा होता. त्याची मुळं खोल जातात, इतर पिकांना न सापडलेलं खालचं खाणं शोधून काढतात. एकदा तो रुजला की मातीत उरलेलं सगळं तो ओढून घेणार, आणि विहीर कायमची सुटणार. पेरणी झाली. बियाणं बारीक, माती भुसभुशीत. आता फक्त एकच करायचं होतं, ते म्हणजे काहीही करायचं नाही. उगवेपर्यंत त्याला हवी तेवढीच ओल शेतबाई स्वतः उभं राहून देणार, आणि केंद्रातलं पाणी तिकडे वळवायचं नाही.

हे सगळ्यांना कळावं कसं? साहेब म्हणाले, "तुमचे नकाशे कोणी वाचत नाही, बाई. पंपघरातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा. पोरांना कळेल अशी." सल्ला वाईट नव्हता. पंपघरातल्या त्या फळ्यावर रोजची कामं लिहायची पद्धत होती, आणि पाळीवरचा प्रत्येक माणूस आल्या आल्या आधी तोच बघायचा. शेतबाईंनी खडू घेतला आणि तिथल्याच भाषेत, तिथल्याच थाटात लिहिलं: शेजारीण रिकामी ठेवणे. खाली दोन रेघा मारल्या. खडू झटकून त्या घरी गेल्या, आणि त्या आठवड्यात त्यांना पहिल्यांदा शांत झोप लागली.

सोमवारी सकाळी त्या फाटकातून आत आल्या आणि शेजारीण चमकताना दिसली. ऊन पडलं होतं आणि सगळा तुकडा आरशासारखा लकाकत होता. क्षणभर त्यांना कळेना की ते काय आहे. मग कळलं. कुंपणापासून कुंपणापर्यंत पाणी उभं होतं. पेरलेलं बियाणं वाहून खालच्या कोपऱ्यात जमा झालं होतं, भुशासारखं, फेसासकट. शेतबाई बूट न घालताच आत शिरल्या आणि घोट्यापर्यंत रुतल्या. पाणी भराभर जिरत होतं. रेताड जमीन, तिला काय, ती पिऊन टाकते. मातीत इतकी वर्षं साठलेलं सगळं बरोबर घेऊन ते पाणी खाली निघालं होतं, आणि खाली जायला त्याला एकच वाट होती. शेतबाईंना रडू आलं नाही, राग आला. त्या तशाच पंपघराकडे निघाल्या.

पंपघरात तात्या होते. तात्या म्हणजे तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारे. ते शेतबाईंना बघून उठले आणि हसत पुढे आले.

"बाई, तुम्ही होतात म्हणून काल आम्ही वाचलो."

शेतबाई चिखलाच्या पायांनी तशाच उभ्या राहिल्या. तात्या कौतुकानं सांगत होते. रविवारी मोठा पंप जळाला. त्यात अवेळी पाऊस. तळं काठोकाठ भरलं, आणि शहर काही रविवारी संडासला जायचं थांबत नाही. सगळे फवारे चालू केले, लांबट भरली, म्हातारी भरली, डबकं तर आधीच डबकं. आणखी थोडा वेळ गेला असता तर तळ्याचा बांधच फुटला असता आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं असतं. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यांची नजर फळ्यावर गेली.

"मला फोन का नाही केलात?" शेतबाईंनी विचारलं.

"फोन कशाला? तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं ना." तात्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "शेजारीण रिकामी ठेवणे. अडीअडचणीला. मी पोरांना म्हटलंसुद्धा, बघा, याला म्हणतात पुढचा विचार."

तेव्हा शेतबाईंच्या ध्यानात आलं. दर पावसाळ्याच्या तोंडावर त्याच फळ्यावर, त्याच जागी तात्या लिहायचे: तीन नंबरची टाकी रिकामी ठेवणे. का? तर अचानक लोंढा आला तर पाणी घ्यायला जागा असावी. वर्षानुवर्षं ती ओळ शेतबाईंनी येता जाता वाचली होती आणि त्यांनाही तिचा अर्थ पुरता ठाऊक होता. पण त्या स्वतः लिहायला गेल्या तेव्हा त्यांच्या मनात शेत होतं. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाला रिकामं शेत म्हणजे विसावा घेणारं शेत, ज्याला हात लावायचा नाही. तात्यांना रिकामी म्हणजे तयार. दोघांनी एकच ओळ वाचली आणि दोघांनी ती बरोबर वाचली.

"तात्या," शेतबाई म्हणाल्या, आणि आवाज खाली ठेवायला त्यांना फार कष्ट पडले, "रिकामी ठेवणे म्हणजे तिच्यात काही घालायचं नाही."

तात्यांनी त्यांच्याकडे खरोखरच न समजून पाहिलं. "काही घालायचंच नसेल, तर रिकामी ठेवायची कशाला?"

आता चिडणार कुणावर? चिडायला समोर एखादा कामचुकार तरी हवा, मग्रूर तरी हवा. तात्यांनी रविवारची सुट्टी सोडून, चिखलात उभं राहून, बांध वाचवला होता. खालच्या वस्तीतल्या माणसांना ते कधी कळणारही नव्हतं. शेतबाईंनी फडकं घेतलं आणि ती ओळ पुसून टाकली. मग काय लिहावं ते त्यांना सुचेना. "पाणी सोडू नये" लिहावं, तर त्यातला "नये" कोणीतरी डब्याच्या पिशवीनं पुसणार. शेवटी त्यांनी एक मोठी फुली मारली. तात्यांनी ती पाहिली आणि अगदी आदरानं विचारलं की फुली म्हणजे तिथलं काम झालं, असंच ना? शेतबाईंनी फडकं खाली ठेवलं आणि त्या बाहेर आल्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते, आणि खरं सांगायचं तर हीच मोठी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी विचारलं, पाणी शुद्ध केलेलंच होतं ना? होतं. नियम मोडला का? नाही, आणीबाणीत चालतं. विहिरीत काही निघालं आहे का? अजून नाही, निघायला वेळ लागतो. मग साहेबांनी खुर्ची मागे टेकली.

"मग आज जाऊन काय सांगणार तुम्ही त्यांना? पुढच्या तपासणीत काही आलंच तर बघू. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

शेतबाई म्हणाल्या की त्या घरात बाटलीवरचं बाळ आहे आणि त्या बाळाची आजी आपल्याच शब्दावर विहिरीचं पाणी वापरते आहे. साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले की डबे पुन्हा सुरू करायला मंजुरी लागेल, मंजुरीला कारण लागेल, आणि कारण लिहायचं म्हणजे रविवारचं सगळं कागदावर येणार. तात्या निवृत्तीला आलेले आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली. ही गोष्ट त्यांनी दमदाटीनं सांगितली नाही, अगदी काळजीनं सांगितली. आणि निघताना म्हणाले, पुढच्या वेळी फळ्यावर जरा स्पष्ट लिहीत जा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ल्यासारखं होऊन शेतबाई बाहेर पडल्या.

घरी नवऱ्यानं त्यांचा चेहरा बघून आधी ताटं घेतली. जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, भांडी आपटत. नवरा ओटा पुसत ऐकत होता. तो म्हणाला, शिकाऊ माणसाला "थांब" म्हटलं की कधीकधी तो नेमका जोरात निघतो, कारण त्याला वाटतं मास्तर मागच्या गाडीबद्दल बोलताहेत. म्हणून शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शेतबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तिथे आहे. इतकी वर्षं मी बोलतेय. मग मी नक्की कुठल्या भाषेत बोलतेय?" नवऱ्यानं फडकं पिळून वाळत टाकलं. तो म्हणाला, काकूंकडे जायचं असेल तर उद्या माझी गाडी मोकळी आहे, मी सोडतो. साहेब काय म्हणाले हे त्यानं पुन्हा विचारलंही नाही, आणि त्याबद्दल शेतबाईंना त्या दिवसातलं पहिलंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रोपवाटिकेच्या दारात उतरल्या. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. एक छोटीशी चूक झाली, असं म्हणायचं नाही, चूक छोटी नव्हती. काळजीचं कारण नाही, असंही नाही, कारण होतं. रविवार, पंप, बांध यातलं काही काकूंना सांगायचं नाही, ते रडगाणं आपलं. फक्त सांगायचं की विहिरीचं पाणी बाळाला देऊ नका, आणि दिलं असेल तर बाळाच्या ओठांकडे लक्ष ठेवा. हे शेवटचं वाक्य मनात आलं की त्या पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लागायच्या.

काकू मागे कुंड्या भरत होत्या. स्वयंपाकघरात सून होती. बाळ चटईवर पाय झाडत पडलं होतं, आणि शेतबाईंनी आत शिरल्या शिरल्या आधी त्याचे ओठ बघितले. गुलाबी होते. ओट्यावर दुधाची बाटली नुकतीच धुऊन पालथी घातलेली होती. शेतबाई खाली बसल्या आणि जुळवलेलं सगळं विसरून एका दमात बोलून गेल्या की शेजारणीत पाणी भरलं, खालचं सगळं आता विहिरीकडे येणार, त्यांनी स्वतः चांगलं आहे म्हणून सांगितलेलं पाणी आता चांगलं राहणार नाही, आणि बाळाला ते किती दिवस देताय?

सुनेनं त्यांचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग उठून तिनं ओट्याखालची मातीची पोती बाजूला सरकवली. मागे पाण्याचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

"दिलंच नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. नवऱ्याला सांगून बाहेरून आणते. आईंना माहीत नाही. त्यांना वाटतं, बाळ विहिरीवर वाढतंय."

शेतबाईंनी डोळे मिटले. आतून एकदम सुटल्यासारखं झालं. बाळानं त्यांच्या साडीचा काठ पकडला होता, तो त्यांनी सोडवला नाही. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. ज्या दिवशी त्या कागद घेऊन पळत आल्या होत्या, काकूंनी गालावरून हात फिरवला होता, त्या दिवशीही ही मुलगी दारात उभी राहून हसत होती, आणि पोत्यांमागचा हा डबा तिच्या मनात तेव्हाच ठरलेला होता.

"म्हणजे माझ्यावर तुमचा विश्वास नव्हता," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

"तुमच्यावर आहे," सून लगेच म्हणाली. "तुम्ही खोटं बोलत नाही. पण बाई, पाणी कुठे तुम्ही सोडता? ते सोडणारं माणूस वेगळं आहे. त्याला मी ओळखत नाही."

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, दुकानातला भाव सांगावा तसं. शेतबाईंना वाईट वाटलं. साहेबांच्या बोलण्यानं वाटलं नव्हतं तितकं, पाण्यात तरंगणारं बियाणं बघून वाटलं नव्हतं तितकं. नोकरीभर त्यांनी जे लोकांना पटवायचा आटापिटा केला होता ते या मुलीला न सांगताच माहीत होतं, आणि तिनं त्यावर आपल्यापुरता एक डबा लपवून ठेवला होता. तिला त्या काय सांगणार होत्या? पुढच्या वर्षी पुन्हा पेरू? पुन्हा नकाशा करू? ते तर त्या करणारच होत्या.

सून डबा पुन्हा पोत्यांमागे ढकलत म्हणाली, "आता आईंना तेवढं तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, सुनेला पहिल्यापासून आमची विहीर बघवत नाही."

एवढ्यात मागच्या दारातून काकू आल्या, हात मातीनं माखलेले. शेतबाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. न कळवता कशा आलात, उन्हाच्या आलात, चेहरा किती उतरलाय, असं एकामागून एक बोलत त्यांनी फडक्याला हात पुसले आणि कोपऱ्यातली कळशी उचलली.

"बसा. तुम्ही आल्यावर शिळं पाणी कसं देऊ? आपल्या विहिरीचं ताजं काढून आणते."

"काकू," शेतबाई म्हणाल्या, "पाणी नको. आधी माझ्याजवळ बसा."